क्लच गेला, पण कुठला? बडोद्यातल्या बारा दिवसांची नोंद

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. चांपानेरहून पावागडावरच्या माचीकडे चढताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. आरपीएमचा काटा अडीच हजारांवरून साडेतीन हजारांवर गेला आणि गाडी मात्र होती त्याच वेगाने रांगत राहिली. पाठोपाठ वास आला, जळक्या कागदासारखा आणि थोडा आंबूस. ब्रेक जळल्याचा वास चाकांकडून येतो, क्लचचा बॉनेटखालून आणि गिअर लिव्हरच्या बुडाशी असलेल्या आवरणातून येतो. हा दुसरा होता.

अशा वेळी करायचं एवढंच: कडेला घ्या, अर्धा तास थंड होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये थोडी रेस देऊन पेडल एका दमात पूर्ण सोडा. हाफ क्लचवर गाडी चढावर धरून ठेवायची नाही, त्यासाठी हँडब्रेक आहे. उतरताना गिअरमध्येच उतरा. आधीच तापलेल्या क्लचला पुन्हा पुन्हा घासण्यापेक्षा ते बरं.

गाडी २०१५ ची, दीड लिटर डिझेल, पाच गिअर, ९४,००० किलोमीटर. या वयात क्लच जाणं नवल नाही. पण याला एक पूर्वपीठिका आहे आणि बडोद्यातल्या बऱ्याच गाड्यांना ती लागू पडेल. ऑगस्ट २०२४ अखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ही गाडी तीन दिवस पार्किंगमध्ये अर्धं चाक बुडेल एवढ्या पाण्यात होती. इंजिनात पाणी गेलं नाही म्हणून सगळे खूश. पण क्लच ज्या बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या घरात, बसतो ते पाणीबंद नसतं, त्याला खाली आणि बाजूला फटी असतात. पाणी आत जातं, ओसरतं आणि ओली क्लच प्लेट बिडाच्या फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीला, गंजाने चिकटते. आठवड्याने गाडी सुरू केली तर पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडत नव्हता. तेव्हा मोकळ्या मैदानात, पेडल दाबून ठेवून, गाडी दुसऱ्या गिअरमध्येच स्टार्ट करून आणि रेस कमीजास्त करून ती चिकटलेली प्लेट सोडवली गेली. सुटली खरी, पण प्लेटवरच्या पकड घेणाऱ्या अस्तराचे पापुद्रे फ्लायव्हीलवर ठेवून. त्यानंतर वर्षभर पहिल्या गिअरमध्ये गाडी थरथरत सुटायची. तो सूर ऐकूनही काम पुढे ढकललं, त्याची किंमत पुढे येईलच.

इन्शुरन्सचं आधीच सांगून टाकतो. पुराचा क्लेम ऑक्टोबर २०२४ मध्ये समाधानपत्रावर सही होऊन बंद झाला होता. आता पुन्हा विचारलं तर उत्तर सरळ होतं: मोटर पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात, आणि ‘झिरो डेप’ (पार्ट्सच्या किमतीतून घसारा न कापण्याची सोय) घेतलं असलं तरी ते झिजेला लागू होत नाही. तेव्हा पुराच्या वेळी सर्व्हेअर येईल तेव्हाच गिअर पडत नाही, गाडी थरथरते, हे सर्व्हेच्या कागदावर लिहून घ्या आणि बेल हाउसिंग उघडून बघायची मागणी लेखी करा. सही झाली की तो दरवाजा बंद.

४ नोव्हेंबरला तपासण्या केल्या. या सगळ्या घरच्या घरी होतात, पैसे लागत नाहीत आणि गॅरेजला जाताना हातात काहीतरी असतं.

पहिली, घसरण्याची. सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये साधारण ४० ते ५०च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा चढला आणि वेग त्यामानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय. एकदाच करा, वारंवार केलं तर तपासणीच झीज वाढवते. दुसरी, न सुटण्याची. इंजिन चालू, पेडल पूर्ण दाबून चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. कर्रर आवाज आला तर प्लेट पूर्ण सुटत नाहीये. याचं कारण प्लेट असेलच असं नाही. पेडलचा जोर पोचवणाऱ्या तेलातली (हायड्रॉलिकमधली) हवा, ताणलेली क्लच वायर, वाकलेली प्लेट, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर अडकणारा प्लेटचा मधला हब, यातलं काहीही असू शकतं. तिसरी, आवाजाची, आणि यात भलेभले चुकतात. पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवणारं बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना, न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि दाबल्यावर बंद होतो, तर तो गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. दुसरा प्रकार असेल तर क्लच बदलून आवाज जाणार नाही. चौथी तपासणी डिझेलवाल्यांसाठी: इंजिन बंद करताना शेवटच्या क्षणी खडखडाट होतो का ते ऐका. होत असेल तर फ्लायव्हीलवर संशय घ्या.

आमच्या गाडीत पहिली आणि चौथी लागू पडली. पेडल मात्र पहिल्यापासून होतं तेवढंच हलकं. यावरून एकाने “पेडल नरम आहे म्हणजे क्लच चांगला” असा निकाल दिला. तो निकाल का चुकीचा होता ते क्लचच्या घडणीवरून कळतं.

६ ते ८ नोव्हेंबर तीन ठिकाणी एस्टिमेट घेतलं. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा आकडा ७८,६०० रुपये, जीएसटी धरून. मकरपुऱ्याकडच्या एका खासगी गॅरेजचा “पचास-पचपन हजार, खोल्या पछी खबर पडे” (उघडल्यावर कळेल). आणि तिसरीकडे सरळ, “साहेब, प्लेट घसाई गई छे, अढार हजारमां सेट नाखी आपुं.” (प्लेट झिजली आहे, अठरा हजारांत सेट टाकून देतो.) अठरा हजारांत काय काय, असं विचारल्यावर तिथे उत्तर मिळालं, “सेट”. तीन आकड्यांत एवढी तफावत लबाडीमुळे नव्हती. तिघेही वेगवेगळ्या वस्तूंना ‘क्लच सेट’ म्हणत होते.

म्हणून इथे जरा थांबू या. बहुतेक गाड्यांत एकच कोरडी प्लेट असते. इंजिनाला जोडलेलं फ्लायव्हील, त्याला बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट आणि दोघांमध्ये दाबलेली क्लच प्लेट, जी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर खाचांत सरकते. दाब देते ती प्रेशर प्लेटमधली डायफ्रॅम स्प्रिंग, म्हणजे मधोमध चिरून बोटं काढलेली पोलादी ताटली. रिलीज बेअरिंग त्या बोटांच्या टोकांवर दाबलं की कडेचा दाब सुटतो. जुन्या जीप आणि ट्रॅक्टरमध्ये ताटलीऐवजी गोलाकार मांडलेल्या गुंडाळी स्प्रिंगा आणि तीन लिव्हर असतात. तिथे तिन्ही लिव्हरची उंची सारखी करणं हेच अर्धं काम. काही गाड्यांत बेअरिंग बोटांना ढकलत नाही, त्यांच्यात अडकून ओढतं. अशा गाडीचा गिअरबॉक्स बेअरिंग सोडवल्याशिवाय ओढला तर काहीतरी तुटणार.

साध्या डायफ्रॅम क्लचमध्ये अस्तर झिजलं की बोटं बेअरिंगच्या दिशेने पुढे येतात आणि पेडल जड होत जातं. पेडल जड झालं म्हणजे क्लच संपत आला, हा आपला जुना ठोकताळा त्यावरूनच आलाय. पण बऱ्याच डिझेल गाड्यांत, आमच्याही, आपोआप जुळवून घेणारा क्लच असतो, मेकॅनिक त्याला ‘सॅक’ म्हणतात. त्यात मुख्य ताटली एका उताराच्या पायऱ्या असलेल्या कड्यावर टेकते. अस्तर झिजून दाबायला लागणारा जोर वाढला की दुसरी लहान संवेदक स्प्रिंग नमते, फट पडते, आणि छोट्या गुंडाळी स्प्रिंगा ते कडं थोडं फिरवून फट भरून काढतात. त्यामुळे पेडल शेवटपर्यंत हलकंच. आराम आहे, पण आगाऊ इशाराही जातो. सगळं ठीक वाटतं आणि एक दिवस चढावर गाडी घसरते.

आता फ्लायव्हील, कारण सगळा पैसा तिथेच आहे. साधं फ्लायव्हील म्हणजे बिडाची एकसंध चकती. त्यावर जी क्लच प्लेट बसते तिच्या हबभोवती चार-सहा गुंडाळी स्प्रिंगा असतात, त्या इंजिनाचे धक्के गिळतात. डिझेलचे धक्के मोठे, म्हणून अनेक गाड्यांत, आमच्याही, ड्युअल मास फ्लायव्हील, डीएमएफ, देतात. दोन चकत्या, मध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब कमानदार स्प्रिंगा. धक्के तिथेच विरतात, म्हणून या गाड्यांच्या क्लच प्लेटला बहुधा स्प्रिंगा नसतात, हब थेट रिव्हेट केलेला. हे लक्षात ठेवा: डीएमएफची बिनस्प्रिंगची प्लेट साध्या फ्लायव्हीलवर लावली तर सगळे धक्के गिअरबॉक्सच्या दातांवर जातात. गाडी सुटेल, महिनाभर चालेलही, मग गिअरबॉक्स खडखडायला लागेल. अठरा हजारांच्या ‘सेट’मध्ये फ्लायव्हील होतं का? नव्हतं. होतं ते तसंच राहणार होतं.

आणखी एक मार्ग बाजारात मिळतो: डीएमएफ काढून साधं फ्लायव्हील आणि त्याला जुळणारी लांब पल्ल्याच्या स्प्रिंगांची प्लेट, सोबत प्रेशर प्लेट आणि बेअरिंग, असा चार वस्तूंचा बदली किट. वॅलिओसारख्या कंपन्या असे किट बनवतात. आमच्यासाठी त्याचा भाव २१,५०० निघाला. टॅक्सीला, रोज हायवेवर पळणाऱ्या गाडीला हा हिशेब जमतो, आणि पुढच्या वेळी फ्लायव्हील घासून पुन्हा वापरता येतं. बदल्यात न्यूट्रलला थोडी खडखड आणि कमी आरपीएमवर कंपनं सोसावी लागतात. राओपुरा-मांडवीच्या गर्दीत दिवसातून दोनदा रांगणाऱ्या गाडीला ते नको वाटलं. हा पसंतीचा भाग आहे, चूक-बरोबरचा नाही.

बाकीचे प्रकार थोडक्यात. अस्तर सेंद्रिय असतं तसंच सिरॅमिकही असतं. सिरॅमिकच्या प्लेटला चार-सहा तुकडे बसवलेले असतात, उष्णता जास्त सोसते, पण झटक्याने पकडते. ते शर्यतीच्या गाड्यांना आणि अवजड वाहनांना. शहरातल्या गाडीला कुणी ‘हेवी ड्युटी’ म्हणून गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा. एएमटीच्या, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत क्लच साधाच कोरडा असतो, फक्त पाय दाबण्याऐवजी मशीन दाबतं. तिथे काम झाल्यावर स्कॅनर लावून नव्या क्लचचा पकडबिंदू शिकवावा लागतो. तो स्कॅनर नसलेल्या गॅरेजला एएमटी देऊ नका. मोटरसायकलचा क्लच बहुतेक वेळा तेलात बुडालेल्या अनेक प्लेटांचा. त्याचा या सगळ्याशी संबंध नाही, मेकॅनिकचा असला तरी.

राहिली दाबण्याची यंत्रणा. वायरवाली असेल तर पेडलला वर थोडी मोकळी हालचाल हवी, बऱ्याच गाड्यांत १० ते २० मिलिमीटर. ती शून्य झाली की बेअरिंग सतत बोटांवर टेकून राहतं आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. नवा क्लचही असा जाळता येतो. हायड्रॉलिक असेल तर स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने बेअरिंग ढकलणारा भाग, बाहेर आहे की आत हे विचारा. आमच्या गाडीत आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवतीच, बेअरिंगसकट एकाच तुकड्यात. तो चांगला दिसला तरी बदलायचाच. साडेचार हजारांचा भाग सहा महिन्यांनी गळायला लागला तर तो बदलायला पुन्हा तेवढाच गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

गॅरेज निवडताना म्हणून दोनच प्रश्न विचारले: सॅक बसवायचं टूल आहे का, आणि डीएमएफ कसं मोजता? मकरपुऱ्याच्या उस्तादाने टूलची पेटी उघडून दाखवली. तिथेच काम द्यायचं ठरलं.

पार्ट्सची खरेदी ही वेगळीच परीक्षा. मॉडेलचं नाव सांगून क्लच मागू नका, चॅसिस नंबर सांगा. एकाच नावाच्या गाडीत इंजिनानुसार आणि वर्षानुसार प्लेटचा व्यास आणि हबच्या खाचा बदलतात. आम्हाला नावावरून आलेलं पहिलं खोकं पेट्रोल मॉडेलचं निघालं. दुकानदार काका दांडिया बाजारातले, मराठी. ते म्हणाले, “खोकं माझ्यासमोर उघडा, मोजा, मग पैसे द्या. एकदा बसवलेला क्लच मी परत घेत नाही, कोणीच घेत नाही.” बरोबर आहे. जुना उतरल्यावर नवा त्याच्याशेजारी ठेवून व्यास, खाचांची संख्या आणि हबची उंची जुळवायची, तोवर सील फोडायचं नाही. खरे-खोटे ओळखायला खोक्यावरचा कोड स्कॅन करा. लुक (LuK) या शेफलर कंपनीच्या क्लच ब्रँडच्या खोक्यावरचा कोड शेफलरच्या ओरिजिनचेक ॲपने तपासता येतो. माणेज्याच्या त्यांच्या कारखान्याला आपल्याकडे अजून जुन्या नावाने ‘एफएजी’च म्हणतात, आणि त्यामुळे क्लच इथे स्वस्त मिळेल अशी एक गोड समजूत गावात आहे. माणेज्याला बेअरिंगं होतात, क्लचचं काम तिकडे तमिळनाडूत होसूरला.

बिलाबद्दल एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्ट्सवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. तेव्हा दुकानात जुनी छापील किंमत असलेली खोकी अजून होती. बिलात ८७०८ या गाडीच्या पार्ट्सच्या कोडपुढे १८ टक्के लावलेत ना ते बघा, आणि पक्कं बिल घ्या. पार्ट्सची वॉरंटी मागायला गेलात तर पहिला प्रश्न त्याचाच असतो.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी साडेनऊला गाडी लिफ्टवर. बॅटरी सोडली, एअर फिल्टरची पेटी, स्टार्टर, गिअरच्या केबल, मग चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट. शाफ्ट निघाले की गिअरबॉक्सचं ऑइल वाहतं, म्हणून ते आधीच काढून घेतात. इंजिन वरून आधार देऊन टांगलं आणि दीडच्या सुमारास गिअरबॉक्स खाली आला. या वेळी क्लचच्या पेडलवर चिकटपट्टी लावून घ्या: दाबू नका. गिअरबॉक्स खाली असताना कुणी पेडल दाबलं, आणि गॅरेजात गाडी सरकवताना कुणीतरी दाबतंच, तर आतल्या सिलिंडरचा दट्ट्या पूर्ण बाहेर फेकला जातो आणि सिलिंडर गेला.

आतली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू देऊ नका. जुन्या आणि स्वस्त अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसायची. उस्तादाने हे न सांगता केलं, तेव्हा त्याच्याबद्दलचा विश्वास थोडा वाढला.

आत जे निघालं ते असं. प्लेटच्या फ्लायव्हीलकडच्या बाजूला दोन ठिकाणी बोटभर रुंदीचे अस्तराचे तुकडेच नव्हते. तिथली कड गंजाने तांबूस. बाकी ठिकाणी रिव्हेटचं डोकं जेमतेम खाली. मॅन्युअलमध्ये रिव्हेटच्या डोक्यापासून अस्तराच्या पृष्ठभागापर्यंतची खोली बहुधा ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या खाली गेली की प्लेट बाद. इथे ती व्हर्नियरच्या टोकाला नीट लागतही नव्हती. फ्लायव्हीलवर निळे डाग, म्हणजे अतितापाच्या खुणा, आणि केसासारख्या भेगा. बेल हाउसिंगच्या आत काळ्या ग्रीसचे शिंतोडे कडेने गोल उडालेले. ते ग्रीस इंजिनाचं नव्हतं, गिअरबॉक्सचंही नव्हतं. डीएमएफच्या पोटातलं होतं.

डीएमएफ मोजायचं कसं, हे जवळून बघायला मिळालं. इंजिन फिरू नये म्हणून कड्याच्या दात्यांत कुलूप घातलं, दुसऱ्या चकतीला लिव्हर लावला. एका बाजूला स्प्रिंगचा विरोध लागेपर्यंत फिरवून खूण केली, मग उलट बाजूला तसंच, आणि मधले दाते मोजले. मग कडेला डायल गेज लावून चकती किती डुलते ते पाहिलं. दोन्हीच्या मर्यादा प्रत्येक पार्ट नंबरला वेगळ्या असतात, म्हणून नंबर वाचून तक्ता उघडायचा. नुसतं हाताने हलवून “ढिलं आहे” म्हणणारा अंदाजच सांगतोय. नव्या डीएमएफलाही थोडी ढील असतेच. आमचं तीन दाते मर्यादेबाहेर होतं. घासून घेऊ का, हा प्रश्न विचारलाच. साधं फ्लायव्हील लेथवर घासता येतं, डीएमएफ घासायला बनवणारेच मनाई करतात.

नवं डीएमएफ बडोद्यात नव्हतं. अहमदाबादहून यायला चार दिवस. तोवर गाडी लिफ्टवरून उतरून कोपऱ्यात, आणि रिक्षा. हे दिवस हिशेबात धरा. या मोकळ्या वेळात क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या) मागच्या बाजूचं ऑइल सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील आणि ड्राइव्ह शाफ्टची दोन्ही सीलं बदलून घेतली. जुनं क्रँक सील गळत नव्हतं, फक्त ओलसर होतं. नव्या प्लेटवर तेलाचे चार थेंब पडले तरी थरथर परत येते, म्हणून त्यात काटकसर केली नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार. बसवणं हे काढण्याहून नाजूक. डीएमएफचे बोल्ट नवेच घ्यायचे. ते ठरावीक टॉर्कनंतर (कसण्याच्या जोरानंतर) ठरावीक अंशांत फिरवून ताणलेले असतात, दुसऱ्यांदा वापरत नाहीत. नव्या प्रेशर प्लेटवरचा गंजरोधक थर ब्रेक क्लीनरने पुसला. प्लेटवर कुठली बाजू गिअरबॉक्सकडे हे छापलेलं असतं, उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो. शाफ्टच्या खाचांना वाटाण्याएवढंही नको, नुसता हात फिरवल्यासारखा ग्रीसचा पातळ थर, मग प्लेट हाताने मागेपुढे सरकवून बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाकायचं. जास्त लावलेलं ग्रीस फिरताना उडून थेट अस्तरावर जातं.

मग सॅकचं टूल. तीन पायांचं हे टूल प्रेशर प्लेटच्या कडेला अडकवून मधला स्क्रू फिरवला की ताटली दाबली जाते. आधी प्लेट मध्यभागी राहील असा दांडा घातला, मग दाबलेल्या अवस्थेत बोल्ट विरोधाशिवाय हाताने टेकले. आडवे-तिडवे थोडे थोडे कसून शेवटी टॉर्क रेंचने. एम ८ च्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलचा. टूल न वापरता नुसते बोल्ट कसत ताटली दाबली तर ते जुळवणारं कडं बसवतानाच फिरून जातं, आणि नवाकोरा क्लच पहिल्या दिवसापासून नीट सुटत नाही. मग “पार्ट खराब आला” म्हणून दुकानदाराशी भांडण.

गिअरबॉक्स चढवताना दोघे जण आणि जॅक. शाफ्ट प्लेटमध्ये शिरला पण घर अजून बसलं नाही, अशा स्थितीत गिअरबॉक्स शाफ्टवर लटकू द्यायचा नाही. त्याच्या वजनाने हब वाकतो. वाकलेली प्लेट बाहेरून दिसत नाही, फक्त रिव्हर्स टाकताना कर्रर करते. आणि बेल हाउसिंगचे बोल्ट कसून गिअरबॉक्स ‘ओढून घ्यायचा’ नाही. तो हाताने टेकला पाहिजे.

संध्याकाळी साडेपाचला सगळं बसलं आणि पेडल दाबलं तर जमिनीला टेकून तिथेच राहिलं. घाबरू नका, हवा आहे. पोऱ्या जोरजोरात पेडल मारायला लागला, त्याला उस्तादाने थांबवलं. भराभर मारलं की तेलात फेस होतो आणि हवा निघण्याऐवजी बारीक होऊन अडकते. हवा काढायचं निपल थोडं उघडून, क्लचच्या तेलाच्या टाकीत तेल भरत ठेवून, पंधरा-वीस मिनिटं नुसतं थेंबथेंब गळू दिलं. मग पेडल हाताने सावकाश खाली, निपल बंद, हाताने वर. आठ-दहा वेळा. तेल म्हणजे ब्रेक ऑइलच, डॉट ४ दर्जाचं, ताज्या बंद डब्यातलं. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते, त्यामुळे पातळी तळाला जाऊ दिली तर ब्रेकमध्येही हवा. आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उकलतो. गिअरबॉक्समध्ये नवं ऑइल दोन लिटर, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. दुकानात जे समोर असेल ते नको.

बिल असं झालं: प्लेट आणि प्रेशर प्लेट ९,८५०, बेअरिंगसकट आतला सिलिंडर ४,६५०, डीएमएफ २७,४००, त्याचे बोल्ट ९६०, क्रँक सील १,१५०, बाकी सीलं ७८०, गिअर ऑइल १,५००, ब्रेक ऑइल ३२०, क्लीनर वगैरे ४००, मजुरी ६,५००. एकूण ५३,५१०. पुरानंतर थरथर सुरू झाली तेव्हाच प्लेट बदलली असती तर फ्लायव्हील वाचलं असतं का? कदाचित. घसरणाऱ्या क्लचची उष्णता सगळ्यात आधी त्यालाच लागते, आणि माचीच्या चढावर ती भरपूर लागली. डीएमएफ नसलेल्या लहान पेट्रोल गाडीला घाबरायचं कारण नाही. तिथे सेट आणि मजुरी धरून आठ-दहा हजारांत काम होतं आणि गाडी एका दिवसात मिळते.

जुने पार्ट मागून घ्या. भंगारात किंमत नगण्य, पण वॉरंटीचा वाद झाला तर जुन्या प्लेटचा फोटो आणि नंबर उपयोगी पडतो. बिलावर किलोमीटरचा आकडा लिहून घ्या: ९४,२१८.

पहिले ५०० किलोमीटर शहरातच चालवली, जोरात उठवणं नाही, चढावर ओझं नाही. नव्या अस्तराला फ्लायव्हीलवर बसायला वेळ लागतो. पहिले दोन दिवस हलका वास येतो, तो जातो. पकडबिंदू जुन्यापेक्षा खाली आला आहे, त्यामुळे आठवडाभर गाडी सिग्नलला दोन-तीनदा बंद पडली, मागच्याने हॉर्न वाजवला, चालायचंच. ६ डिसेंबरला पुन्हा लिफ्टवर घेऊन बेल हाउसिंगचा तळ कोरडा आहे ना, ड्राइव्ह शाफ्टची सीलं पाझरत नाहीत ना हे पाहिलं. सगळं कोरडं. क्लचच्या टाकीतलं तेल मात्र खुणेच्या दोन मिलिमीटर खाली आलं होतं. आत राहिलेली शेवटची हवा निघाली की एवढं उतरतं. वरून भरलं आणि झाकण लावलं.